रायरांच्या गच्चीवरची गुलबक्षी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी लगेच सांगतो, चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या रायरांचे. विचारणारा जरा गोंधळतो. घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्या माझ्यासारख्या माणसाने आईवडिलांचं किंवा शाळेतल्या एखाद्या गुरुजींचं नाव घ्यावं, अशी त्याची अपेक्षा असते. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण माझ्यात नेमकं काय वेगळं आहे हे मला रायरांनी सांगितलं, आणि आपण कशा माणसाची मुलगी आहोत हे माझ्या आईला वयाच्या पन्नाशीत त्यांच्यामुळे कळलं. तसे ते आमचे फक्त घरमालक होते.

रायर हे त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी रावांना तमिळ माणसं आदराने रायर म्हणतात. गल्लीतला इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या घरातल्या मामी, सगळे त्यांना रायरच म्हणायचे. खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही. "नांवांत काय आहे हो? नांव बाप ठेवितो. कान तर जन्मतांच येतात," असं ते म्हणायचे.

कानावरूनच आमची ओळख झाली. गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मला शिकाऊ इंजिनिअर म्हणून घेतलं होतं. येवल्याहून निघालो तेव्हा मला तमिळचा एकही शब्द येत नव्हता. कॉलेजातल्या एका सीनियरने सांगितलं, वेस्ट मांबलममध्ये एक म्हातारे आहेत, मराठी बोलतात, वरची खोली भाड्याने देतात, पण परीक्षा घेतात. मी गणिताची आणि इंग्रजीची तयारी करून गेलो.

दार उघडलं ते उघड्या अंगाच्या, पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या एका उंच माणसाने. आपल्याकडे जानव्याला किल्ली बांधतात. यांच्या जानव्याला भिंग बांधलेलं होतं.

"कान दाखवा," ते म्हणाले.

मी बॅग खाली ठेवून मान वळवली. भिंग माझ्या कानाच्या पाळीपाशी आलं.

"चिकटलेले. बापाचे कसे?"

"माहीत नाही. कधी पाहिले नाहीत."

"बावीस वर्षें बापासमोर बसून जेवलां, कान पाहिले नाहींत? काय शिकलां हो तुम्ही?"

"मेकॅनिकल इंजिनिअरिंग."

"सरी, सरी," ते बरं, बरं अशा समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग चालायचेंच."

मग अंगठा मागे वाकवून झाला, बोटांच्या मधल्या पेरावर केस आहेत का ते पाहून झालं, कपाळावरची केसांची रेघ पाहून झाली. या सगळ्याचा हेतू माझ्या थोडा ध्यानात आला. दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा होता, आणि त्यातली एक गोष्ट मला पक्की येत होती. मी उत्साहाने जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा वळवून दाखवल्या.

"जीभ आंत!" रायर कडाडले. "ती गोष्ट ह्या घरांत नाहीं!"

मला वाटलं, खोली गेली. पण खोली मिळाली.

जिभेचा उलगडा दोन महिन्यांनी झाला. रायरांनी चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. दर वर्षी ते वर्गाला सांगायचे की जीभ वळणं हा एकाच जनुकाचा खेळ आहे, ती आईबापांपैकी एकाची तरी वळत असली तरच मुलाची वळणार. निवृत्त झाल्यावर अड्यारच्या एका ग्रंथालयात वाचताना त्यांना कळलं की हे असं साधं नाहीच. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाची वळते, एकाची वळत नाही. ते घरी आले, पोस्टकार्डांचा गठ्ठा विकत घेतला आणि जुन्या हजेरीपटांतली नावं शोधून एकेका विद्यार्थ्याला लिहायला बसले. मजकूर सगळ्यांना तोच. दहावींत मी तुला जिभेविषयीं जें सांगितलें तें चूक आहे, कृपया खोडून टाकणें.

कार्डं बँकेत मॅनेजर झालेल्यांना गेली, बस कंडक्टरला गेली, एका न्यायाधीशालाही गेली. एकाचं उत्तर आलं, "सार, मी ते तेव्हाच विसरलो होतो, काळजी नसावी." त्या उत्तरावर रायर आठवडाभर हसत होते.

पण पहिलं कार्ड कुणाला पाठवलं, ते सांगताना ते हसले नाहीत. "एक पोरगा होता. त्याची वळत होती, आईबापाची नाहीं. त्यानें वर्गांत उभें राहून सांगितलें. वर्ग काय हसला, विचारूं नका. मी पण हसलों, तंबी." ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि तरी अहोजाहो करायचे. "मास्तरानें चूक सांगितलें, तर ती चूक पोरांच्या घरांत जाऊन बसते."

त्यांची मराठी ऐकायला मला आधी फार गंमत वाटायची. "येतों", "करितों", "झालें", आणि मधूनच तमिळ हेल. मी एकदा न राहवून हसलो तर म्हणाले, "हसा हो. आमची मराठी तीनशे वर्षें पेटींत राहिली. तुमची बाहेर उन्हांत राहून विटली." देवनागरी ते संस्कृतमुळे वाचायचे, पण हळूहळू, एकेक अक्षर लावत. माझं अक्षर बारीक. आमच्या दारावर मी चिठ्ठी लावून गेलो की संध्याकाळी बोलणी खावी लागत, "एवढें बारीक मुंग्यांसाठीं लिहिलें काय?"

गल्लीत त्यांची खरी प्रसिद्धी कोलमसाठी होती. कोलम म्हणजे तिकडची रांगोळी, तांदळाच्या पिठाने रोज पहाटे उंबरठ्यासमोर बाया काढतात. रायरांच्या पत्नी होत्या तोवर त्या काढायच्या. त्या गेल्यावर उंबरठा रिकामा ठेवायचा नाही, असं रायरांनी ठरवलं. पण त्यांना आयुष्यभर फळ्यावर एकच चित्र काढायची सवय होती, वंशावळीचं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे आडवी रेघ, पोरं म्हणजे तिच्यातून खाली उतरलेल्या रेघा. ज्याच्यात तो गुण दिसतो त्याची आकृती भरायची. तेव्हापासून रायरांच्या दारात रोज कुणाचं तरी घराणं उमटायचं. सोमवारी इस्त्रीवाल्याकडचं अकाली टक्कल, मंगळवारी समोरच्या मामींच्या माहेरचं सहावं बोट. बाया घागर कमरेवर घेऊन थांबायच्या आणि बोट दाखवून विचारायच्या, रायर, यात मी कुठे? मग रायर वेष्टी सावरत उकिडवे बसायचे आणि एका वर्तुळावर बोट ठेवायचे. भाजीवालीने तर एकदा नवऱ्याला ओढत आणून दाखवलं होतं, बघ, पोराचं नाक तुझ्याचकडून आलंय, माझ्या आईला बोलू नकोस.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. कारखान्यात मला रंगखात्यात टाकलं होतं. मोटारीच्या बाजूच्या आरशांची कव्हरं आमच्याकडे रंगून निघायची. रंग दिलेल्या नमुन्याशी जुळतो का ते बघून शिक्का मारायचा, हे माझं काम. वर्षअखेरीला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

आणि मला रंग नीट दिसत नव्हते. हे मला कळत होतं, आणि मी ते कळून घेत नव्हतो. मला वाटायचं, आपण वेंधळे आहोत, लक्ष देत नाही, गावाकडच्या शाळेत चित्रकलेला शिक्षक नव्हता म्हणून असं होतं. कव्हरं टांगायच्या आकड्यांवर रंगाच्या नंबराची चकती असायची. मी रंग बघत नव्हतो, चकती वाचत होतो. एक छटा हिरवट चंदेरी होती, एक बदामी चंदेरी. माझ्या डोळ्यांना दोन्ही सख्ख्या बहिणी.

एके दिवशी चकत्या धुण्याच्या टाकीतच गळून पडल्या, आणि मी चाळीस कव्हरं शिक्का मारून पुढे पाठवली. मोटारी बनवणाऱ्यांकडून ती परत आली. काही गाड्यांना डावा कान हिरवट, उजवा बदामी. आमचे मॅनेजर शांत माणूस होते. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात कायम करण्याआधी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आहे. डोळ्यांचीही. तोवर जरा लक्ष देऊन काम कर." मी दोन दिवस जेवलो नाही. माझ्या पगारावर घरी धाकटीचं कॉलेज चाललं होतं, आणि गावात बाबा ज्याला त्याला सांगत होते, पोरगा मद्रासला साहेब आहे.

त्याच दिवसांत रायरांच्या गच्चीवर मोठी घटना घडत होती. तिथे चाळीस कुंड्यांत त्यांनी गुलबक्षी लावली होती. दुपारी चारला उमलणारी, आपल्याकडे कुंपणाला असते तीच. गडद लाल गुलबक्षी आणि पांढरी गुलबक्षी यांचा संकर केला की सगळी झाडं गुलाबी येतात. त्या गुलाबी झाडांचं बी पेरलं की पुढच्या पिढीत लाल, गुलाबी आणि पांढरी तिन्ही येतात, आणि गुलाबी साधारण निम्मी. रायरांनी हे शाळेत चौतीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं, पण जिभेने पोळल्यापासून त्यांचा फळ्यावर विश्वास उरला नव्हता. त्यांना ते स्वतःच्या गच्चीवर बघायचं होतं. आणि नेमका तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भिंगाने जवळचा कान दिसायचा, पण संध्याकाळच्या उन्हात फुलांचे रंग त्यांना सगळे धुरकट दिसत. म्हणून मोजणीचं काम माझ्याकडे आलं. रविवारी पाच वाजता वर जायचं, प्रत्येक कुंडीतल्या झाडाचा रंग बघायचा आणि वहीत तीनपैकी एका रकान्यात काडी मारायची.

मी मनापासून मोजलं. लाल दहा निघाली, ती गडद होती, चुकायचा प्रश्न नव्हता. गुलाबीच्या रकान्यात मोठ्या प्रयत्नाने दोन काड्या पडल्या. उरलेली सगळी पांढरी.

रायरांनी वही डोळ्यांजवळ धरली आणि पुन्हा मोजायला लावलं. तेच. पुढच्या रविवारी पुन्हा, तेच. तिसऱ्या रविवारी गुलाबीच्या रकान्यात एकच काडी आली. ते आरामखुर्चीत बसून राहिले. चेहरा घाबरलेला होता आणि आनंदानं फुललेलाही.

"तंबी, नियम उलटा झाला! पांढरा रंग जिंकतो आहे! जगांत कुठें नाहीं, वेस्ट मांबलमांत!"

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी अड्यारच्या एका संस्थेत वनस्पतिशास्त्राची प्रोफेसर होती. तिला पोस्टकार्ड गेलं, "ताबडतोब यावें. पांढऱ्यानें लालास हरविलें आहे."

रविवारी बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यात मोगरा, हातात कागद आणि मोजपट्टी. रायर इस्त्रीचा सदरा घालून जिन्यात उभे. मी वही घेऊन मागे. आम्ही गच्चीवर गेलो. बाईंनी एक कुंडी बघितली, दुसरी बघितली, आणि हळूच तमिळमध्ये काहीतरी विचारलं. रायरांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. मग बाईंनी सगळ्या चाळीस कुंड्यांमधून एक फेरी मारली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "सर, दहा लाल, एकवीस गुलाबी, नऊ पांढऱ्या. नियम अगदी ठणठणीत आहे."

मला वाटलं, गच्चीवरून खाली उडी मारावी. गुलबक्षीचा नियम चौतीस वर्षं वर्गात बरोबर सांगत आलेल्या माणसाची मी त्याच्याच विद्यार्थिनीसमोर फजिती केली होती. बाई फार भल्या होत्या. त्यांनी कॉफी घेतली, फुलं सुंदर आहेत म्हणाल्या आणि गेल्या.

रायर आरामखुर्चीत टेकले. मी कोपऱ्यात उभा होतो. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "तुमचे आईचे बाप काय करीत होते?"

"अं?"

"आईचे बाप. काय काम?"

"शेती," मी म्हणालो.

हे खोटं होतं. माझे आजोबा, आईचे आबा, येवल्यात पैठणी विणायचे. पण आमच्या घरात त्यांच्या कामाचा विषय निघत नसे. एका नवरीसाठी हिरव्या काठाची पैठणी विणायला दिली होती, आणि आबांनी तिला तपकिरी काठ विणून दिला. पेढीवाल्याने आरोप केला की हिरवं रेशीम बाहेर विकलं आणि हलकं तपकिरी वापरलं. त्यावर आबांनी भरल्या पेढीत तो काठ हातात धरून शपथ घेतली की हा हिरवाच आहे. लोक हसले. चोरी एक वेळ विसरली असती, पण ती शपथ गाव विसरलं नाही. त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही, आणि पुढची वर्षं त्यांनी मार्केट यार्डात पोती उचलली. आई शाळेत गेली की पोरं तिला काहीतरी तपकिरी दाखवून विचारायची, हे हिरवं का गं?

दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याच्या बससाठी बाहेर पडलो आणि उंबरठ्याशी थबकलो. कोलममध्ये सगळ्यात खाली एक चौकोन पिठाने भरलेला होता, तो मी. वर एक रिकामा चौकोन, माझे वडील. त्यांच्याशेजारी एक वर्तुळ, आणि त्याच्या बरोबर मध्ये एकच ठिपका. त्या वर्तुळाच्या वर आणखी एक जोडपं, दोन्ही आकृत्या कोऱ्या.

रायर पायरीवर बसले होते. "बस जाऊं द्या," ते म्हणाले. "बसा."

आणि तिथे पायरीवर बसून त्यांनी मला मी समजावून सांगितला. लाल आणि हिरवा ओळखायची शक्ती ज्या गुणसूत्रावर असते, ते बाईकडे दोन असतं आणि पुरुषाकडे एकच. मुलाला ते आईकडूनच मिळतं. बापाची नजर कितीही चांगली असो, मुलाच्या या कामी ती येत नाही. आईकडचं एक बिघडलेलं असलं तरी दुसरं ते झाकून घेतं, म्हणून तिला सगळं स्वच्छ दिसतं. तिच्यात ते असतं, पण दिसत नाही. त्याची खूण, वर्तुळात ठिपका.

"मग मी वेंधळा नाही?" मी विचारलं.

"वेंधळे आहां. बापाचे कान पाहिले नाहींत. पण हा वेंधळेपणा नव्हे."

मी हसलो आणि मला रडूही आलं. मग मी आबांची सगळी गोष्ट सांगितली, शेती खोटी होती तेही. रायर ताडकन उठले. मला वाटलं, आता ते आबांचा चौकोन भरून टाकतील. त्यांनी पिठाची वाटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"नाहीं. तुमचे आईस हें तिच्या बापाकडून आलें असेल, नाहीं तर तिच्या आईकडून. नियम दोन्ही वाटा देतो. जिभेसारखें पुन्हा नको. साक्ष पाहिजे. आईस विचारा."

रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी फोन लावला. घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात आईला बोलावून घ्यायचे. रायर काचेबाहेर उभे राहिले.

"आई, आबांना हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसायचा का गं?"

"आता कशाला उकरून काढतोस ते? माझा बाप काय आंधळा होता का? एवढ्या पैठण्या विणल्या त्याने."

"कांड्या कोण भरून द्यायचं?" रेशीम कांड्यांवर गुंडाळून मागावर द्यावं लागतं, हे काम घरातल्या बाया करतात.

"आई द्यायची. गाठी मारून."

"कसल्या गाठी?"

"कांडीच्या दोऱ्याच्या टोकाला. हिरव्याला एक, तपकिरीला दोन. आम्हाला वाटायचं, नजर लागू नये म्हणून मारते."

मी काचेबाहेर रायरांकडे बघितलं. "आजी कधी वारली?"

"त्या पैठणीच्या आधी चार महिने." मग तिचा आवाज खाली गेला. "मग कांड्या मी भरायचे. अकरा वर्षांची होते. गाठी मारायचा कंटाळा यायचा. आबा विचारायचा, 'गाठ कुठंय गं?' मी म्हणायचे, 'गाठ कशाला पायजे, दिसतंय की.'"



"म्हणजे आबा खोटं बोलत नव्हता," आई म्हणाली.

"नाही."

"त्याला ते हिरवंच दिसत होतं."

"हो, आई."

"मग त्याने सांगायचं ना!"

"त्यांना तरी कुठे माहीत होतं? मलाही परवा कळलं."

"तुलापण नाही दिसत?" ती म्हणाली. "अरे देवा. तू चौथीत झाड तपकिरी रंगवलंस म्हणून मी तुला बदडला होता."

"लाटण्याने."

"लाटण्याने नाही, हाताने!" आई म्हणाली, आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. ती हसता हसता रडत होती ते मला ऐकू येत होतं.

बाहेर आल्यावर रायरांना सगळं सांगितलं. गाठी मारायचं आईनेच सोडलं, हेही सांगितलं, कारण तिच्या मनात आता ते घर करणार, अशी मला भीती वाटत होती.

"अकरा वर्षांचे पोरीस कोणी कारण सांगितलें नाहीं, तर तिची चूक कशी?" रायर म्हणाले. "तुमचे आजीस उपाय माहीत, कारण माहीत नाहीं. कोणाचीच चूक नाहीं. हें तुमचे आईस माझ्या नांवानें लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा."

दुसऱ्या दिवशी कोलममध्ये आबांचा चौकोन भरलेला होता. रायरांनी हात राखून पीठ टाकलं नव्हतं, चांगला जाड थर दिला होता. समोरच्या मामींनी घागर खाली ठेवून विचारलं, हा कोण? रायरांनी तमिळमध्ये उत्तर दिलं, आणि ते मला न शिकताच समजलं, "नल्ल मनुषर." चांगला माणूस.

तपासणीच्या आदल्या सोमवारी मी मॅनेजरना स्वतःच सांगायचं ठरवलं. रायर म्हणाले, मी येतों. मी नको नको म्हणत असताना ते मांबलम स्टेशनावर माझ्याआधी हजर होते, इस्त्रीची वेष्टी, काखेत माझ्या वंशावळीचा गुंडाळलेला तक्ता. पार्क स्टेशनला उतरून आम्ही गुम्मिडिपूंडीची गाडी पकडली. वाटेत त्यांनी डब्यातल्या तीन माणसांचे कान तपासले.

मॅनेजरांच्या टेबलावर तक्ता पसरला गेला. मी माझं बोललो, चकत्यांचंही सांगितलं. मॅनेजर शांतपणे ऐकत होते. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर ती चाळीस कव्हरं वाचली असती," ते म्हणाले. मी मान खाली घातली. तेवढ्यात रायरांनी भिंग उचललं आणि त्यांच्या कानाशी नेलं. "आहा, सुटे! बापाचे कसे, सार?" मॅनेजर आधी चमकले आणि मग इतके हसले की बाहेरून शिपाई डोकावला.

मला कायम केलं नाही. सहा महिने वाढवले आणि मोजमाप विभागात पाठवलं, जिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग बघायचा असतो आणि सगळं लोखंड एकाच रंगाचं असतं. सहा महिन्यांनी मी कायम झालो. आजही मी तेच काम करतो, फक्त आता पुण्यात.

चेन्नई सोडून तीन वर्षं झाल्यावर मी रायरांना एक पत्र पाठवलं. त्याची प्रत मी ठेवली आहे. अक्षरं मोठी आहेत, म्हणून तीन पानं झाली.

ती. रायर यांस सा. न.

डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं आणि गच्चीवरची फुलं आता तुम्ही स्वतः मोजता, हे प्रोफेसरबाईंच्या पत्रावरून कळलं. फार बरं वाटलं. माझी मोजणी आता कुणाला लागणार नाही.

आम्हाला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल ते माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. तिचे कान सुटे आहेत. माझे चिकटलेले. बाबांचे मुद्दाम जाऊन पाहिले, सुटे आहेत. बाबांनी विचारलं, काय बघतोस? मी म्हणालो, इतकी वर्षं राहून गेलं होतं. जीभ पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही.

खाली आकृती काढली आहे. मी भरलेला चौकोन, माझी बायको कोरं वर्तुळ, आणि तिच्याखाली मुलगी, वर्तुळात ठिपका. माझ्याकडे एकच होतं, ते तिला जाणारच होतं, हे तुम्ही पायरीवर शिकवलंत. फरक एवढाच की या ठिपक्याबद्दल तिला कळत्या वयात पहिल्यांदा आम्ही सांगणार आहोत. तिच्या मुलाने झाड तपकिरी रंगवलं तर त्याला कुणी मारणार नाही.

बारशाला आई येवल्याहून आली. येताना ती जुन्या पेढीवरून गेली. पेढीवाला आता नाही, त्याचा मुलगा बसतो. आईने त्याला आबांची गोष्ट सांगितली, गाठींसकट, दुकानात गिऱ्हाइकं असताना, उभं राहून. तो म्हणाला, आत्या, बसा, चहा घ्या. ती म्हणते, आबा तिथे जसा उभा होता तशीच मी उभी राहिले. तुमच्या नावाने मी तिला लिहिलेलं ते पत्र ती ट्रंकेत ठेवते.

पाळण्याला बांधायला तिने रेशमाचा एक दोरा आणला होता. मी विचारलं, "आई, हा हिरवाच आहे ना?"

ती म्हणाली, "गाठ बघ."

मी बघितली, रायर. एक होती.

तुमचा,
वरच्या खोलीतला तंबी